रॉकेटचा निकामी टप्पा कधी, कुठे कोसळेल? माग आणि अंदाज काढण्याची रीत

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आणि मध्य प्रदेशातही आकाशातून जळत जाणारी ठिणग्यांची रांग दिसली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची दोन-तीन मीटर व्यासाची कडी पडली, परिसरात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याची कक्षा आणि वेळ या घटनेशी जुळली. तेव्हापासून 'अमुक रॉकेट पडणार' अशी बातमी आली की पहिला प्रश्न येतो: आपल्याकडे पडेल का?

या प्रश्नाला आठवडाभर आधी 'नाही' असे ठाम उत्तर कधीकधी देता येते. 'हो' असे उत्तर मात्र कुणालाच देता येत नाही. अंदाजातून एक ठिकाण निघत नाही. निघतो तो वेळेचा अवधी, आणि त्या अवधीत टप्पा ज्यांच्यावरून जाणार आहे त्या जमिनीवरच्या रेषा. खालची सगळी रीत तो अवधी प्रामाणिकपणे काढण्याची आणि जमेल तेवढा आवळण्याची आहे. लागणारे सामान: संगणक, इंटरनेट, स्प्रेडशीट, आणि पुढच्या पायरीसाठी थोडे पायथन किंवा 'जीमॅट' हे नासाचे मोफत सॉफ्टवेअर.

आधी वस्तू नक्की करा

एका उड्डाणातून कक्षेत दोन-चार वस्तू तरी जातात: उपग्रह, वरचा टप्पा, कधी जोडणीचा भाग, कधी झाकणे. नोंदवहीत प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि नावापुढे प्रकार लिहिलेला असतो. 'आर/बी' म्हणजे रॉकेटचे धड, 'डेब' म्हणजे तुकडा. उड्डाणानंतरचे पहिले काही दिवस उपग्रह आणि टप्पा यांची अदलाबदल झालेली असू शकते. कोणती वस्तू स्वतःहून कक्षा बदलते आहे ते पाहा, तो उपग्रह. टप्पा नुसता खाली सरकत राहतो.

नोंदी दोन ठिकाणी मिळतात. 'स्पेस-ट्रॅक' हे अमेरिकेच्या लष्करी निरीक्षण जाळ्याचे संकेतस्थळ. तिथे मोफत खाते काढावे लागते, मिनिटाला ३० आणि तासाला ३०० विनंत्यांची मर्यादा आहे, आणि डेटा परस्पर पुढे वाटायला बंदी आहे. 'सेलेसट्रॅक'वर खाते लागत नाही. इतिहास हवा असेल, म्हणजे याच वस्तूच्या गेल्या महिन्याभरातल्या सगळ्या नोंदी, तर स्पेस-ट्रॅकच धरा. शेवटच्या चार दिवसांत पुनर्प्रवेशाचे अधिकृत अंदाजही तिथेच येतात.

टीएलई वाचणे

कक्षेची नोंद दोन ओळींची असते, तिला टीएलई म्हणतात. आपल्या कामाच्या जागा एवढ्याच:

- पहिली ओळ, १९ ते ३२: नोंदीची वेळ. पहिले दोन आकडे वर्षाचे, उरलेले वर्षातल्या दिवसाचे दशांशासह. ही वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते.
- पहिली ओळ, ३४ ते ४३: दिवसाच्या फेऱ्या वाढण्याच्या वेगाचा निम्मा आकडा. हा दुप्पट करायला विसरले की टप्प्याचे आयुष्य दुप्पट होते. नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच.
- पहिली ओळ, ५४ ते ६१: 'बी-स्टार', हवेच्या रोधाचा आकडा. यात दशांशचिन्ह आणि घात लपलेले असतात.
- दुसरी ओळ, ९ ते १६: कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी होणारा कोन, अंशांत.
- दुसरी ओळ, २७ ते ३३: उत्केंद्रता, म्हणजे कक्षा किती लांबट आहे तो आकडा. सुरुवातीचे 'शून्य दशांश' लिहिलेले नसते, आपण धरायचे.
- दुसरी ओळ, ५३ ते ६३: दिवसाच्या फेऱ्या.

फेऱ्यांवरून उंची काढायला एकच सूत्र पुरते: अर्धदीर्घ अक्ष (किमी) = ४२,२४१ ÷ (फेऱ्यांचा २/३ घात). त्याला (१ − उत्केंद्रता) ने गुणून ६,३७८ वजा केले की उपभू, म्हणजे पृथ्वीपासूनची सर्वांत कमी उंची. (१ + उत्केंद्रता) ने गुणून तेवढेच वजा केले की अपभू, म्हणजे सर्वांत जास्त उंची.

सूत्र नीट बसले का याचा ताळा चांद्रयान-३ च्या एलव्हीएम३ रॉकेटवर करा. त्याची सुरुवातीची कक्षा १३३ × ३५,८२३ किमी होती. दिवसाला २.२८४ फेऱ्या आणि ०.७३२७ उत्केंद्रता घातली की अक्ष २४,३५६ किमीच्या आसपास येतो, उपभू १३२-१३३ आणि अपभू ३५,८२४. एखाद-दुसऱ्या किलोमीटरचा फरक दशांश तोडल्यामुळे पडतो.

आपल्यावरून जातो तरी का?

कक्षेचा कल २८ अंश असेल तर टप्पा २८ अंश उत्तर आणि २८ अंश दक्षिण यांच्या बाहेर कधीच जाणार नाही. महाराष्ट्र साधारण १५.६ ते २२.१ अंश उत्तरेत आहे. १५ अंशांपेक्षा कमी कलाच्या कक्षेतल्या वस्तूची काळजी इथे कुणी करू नये. बाकीच्यांचा हिशेब मात्र बऱ्याच जणांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघतो, म्हणून जरा थांबू.

टप्पा सगळ्या अक्षांशांवर सारखा वेळ घालवत नाही. तो ज्या अक्षांशावर वळतो, तिथे सर्वांत जास्त रेंगाळतो. ध्रुवांवरून जाणाऱ्या ९७.५ अंश कलाच्या कक्षेतला पीएसएलव्हीचा चौथा टप्पा महाराष्ट्राच्या अक्षांशांत एकूण वेळेपैकी फक्त ३.६ टक्के असतो. ४१.५ अंशांचा लाँग मार्च ५बी ५.९ टक्के. २८.५ अंशांचा टप्पा ९.८ टक्के. आणि श्रीहरिकोट्याहून २१.३ अंशांच्या कक्षेत गेलेला एलव्हीएम३ चा वरचा टप्पा, कक्षा गोलाकार झाल्यावर, जवळजवळ २३.५ टक्के! त्याच्या कक्षेचे उत्तरेकडचे वळणच नागपूरच्या अक्षांशाला लागून आहे.

घाबरण्याआधी रेखांशही धरा. महाराष्ट्राची रुंदी ७२.६ ते ८०.९ अंश पूर्व, म्हणजे पूर्ण वर्तुळाच्या २.३ टक्के. २३.५ टक्क्यांच्या २.३ टक्के म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, तेही राज्याचा नकाशा चौकोनी धरला तर. प्रत्यक्षात चांद्रयान-३ चा तो टप्पा १५ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास, उड्डाणानंतर १२४ दिवसांनी, उत्तर प्रशांत महासागराच्या बाजूला वातावरणात शिरला.

ढोबळ आयुष्य: पाच मिनिटांचा हिशेब

कक्षा बऱ्यापैकी गोल असेल (अपभू ५०० किमीच्या आत) तर मोठे सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे करा. उदाहरणासाठी आकडे धरू: फेऱ्या १६.२०, आणि ३४ ते ४३ या जागी ०.०१००.

१. आकडा दुप्पट करा: फेऱ्या दररोज ०.०२ ने वाढत आहेत.

२. अक्ष काढा: ६,५९८ किमी, म्हणजे सरासरी उंची २२० किमी.

३. उंची घटण्याचा वेग = (२/३) × अक्ष × (०.०२ ÷ १६.२०) = दिवसाला ५.४ किमी.

४. आता 'किती किलोमीटर खाली गेल्यावर हवा २.७ पट दाट होते' ते अंतर घ्या. ३०० किमीवर ते सुमारे ५४ किमी असते, २०० किमीवर ३७, १५० किमीवर २२-२३. टप्पा खाली उतरताना ते घटत जाते, म्हणून २२० किमीवरून निघताना ३३ धरणे बरे.

५. ३३ ÷ ५.४ = ६.१ दिवस.

खाली येताना हवा झपाट्याने दाट होते, म्हणून '२२० किमी भागिले ५.४, म्हणजे ४० दिवस' असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब साफ चुकतो. उंची दीडशे किमीवर आली, म्हणजे फेऱ्या १६.४६ झाल्या, की मोजक्याच प्रदक्षिणा उरलेल्या असतात.

०.०१०० या छापील आकड्यावर फार विसंबू नका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन टीएलई घ्या, फेऱ्यांच्या फरकाला दिवसांच्या फरकाने भागा. हा वेग खरा. छापील आकडा आणि हा आकडा यांत मोठी तफावत असेल तर एखादी नोंद बिघडलेली आहे. महिन्याभराच्या नोंदींचा आलेख काढला की अशी नोंद रांगेबाहेर उभी दिसते. तिला बाहेर काढा.

अधिक-उणे किती?

या क्षेत्रात रुळलेला नियम असा: उरलेल्या वेळेच्या २० टक्के. सहा दिवस उरले असतील तर अधिक-उणे १.२ दिवस, म्हणजे एकूण २.४ दिवसांत ३९ प्रदक्षिणा. त्यातली कुठलीही शेवटची असू शकते. एवढ्या प्रदक्षिणांच्या रेषा काढल्या की कलाच्या आतली जवळपास सगळी पृथ्वी झाकली जाते. म्हणून सहा दिवस आधी गावाचे नाव घेणाऱ्या बातमीला काडीचा आधार नसतो.

१२ तास आधी अधिक-उणे २ तास २४ मिनिटे. दोन तास आधी अधिक-उणे २४ मिनिटे. हे ऐकायला नेमके वाटते, पण टप्पा जमिनीच्या मानाने मिनिटाला साधारण ४४० किमी कापतो. २४ मिनिटे म्हणजे दोन्ही बाजूंना साडेदहा हजार किमी.

लाँग मार्च ५बी चा गाभा-टप्पा हे याचे चांगले उदाहरण. २९ एप्रिल २०२१ रोजी चीनमधल्या वेनचांगहून उडालेला हा सुमारे २१ टनांचा टप्पा ९ मे रोजी यूटीसी २:२४ ला, आपल्या सकाळी ७:५४ ला, मालदीवजवळ हिंदी महासागरात पडला. वेळेत काही मिनिटांचा फरक पडला असता, तर तीच रेषा त्याला अरबस्तानावर किंवा पार दुसऱ्या महासागरावर घेऊन गेली असती. याच जातीचा आणखी एक टप्पा ४ नोव्हेंबर २०२२ रोजी पडणार होता तेव्हा स्पेनने काही भागातले हवाई क्षेत्र तात्पुरते बंद केले; टप्पा पडला प्रशांत महासागरात. स्पेनचा निर्णय हास्यास्पद नव्हता. रेषा त्यांच्यावरून जात होती आणि अवधी अजून मिटलेला नव्हता.

अवधीचा नकाशा करणे

अवधीची सुरुवात आणि शेवट यांमधल्या दर मिनिटाचे अक्षांश-रेखांश काढा. टीएलईवरून हव्या त्या क्षणाची जागा काढणारी पायथनमधली 'एसजीपी४' किंवा 'स्कायफील्ड' ही लायब्ररी यासाठी पुरते. दर प्रदक्षिणेत पृथ्वी सुमारे २२ अंश फिरते, म्हणून पुढची रेषा तेवढीच पश्चिमेला सरकते. आपल्या अक्षांशावर हे अंतर २,३०० किमी भरते. एक रेषा नागपूरवरून गेली तर पुढची अरबस्तानाच्या बाजूला. महाराष्ट्राला छेदणाऱ्या रेषा सहसा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. त्यांच्या वेळा वेगळ्या लिहून ठेवा. अवधी आकसला की त्या एकेक करून गळतात, आणि शेवटची गळाली की 'आपल्याकडे नाही' असे ठामपणे सांगता येते.

वेळा लिहिताना यूटीसी आणि भारतीय वेळ दोन्ही लिहा, तारखेसकट. यूटीसी १८:३० नंतर आपल्याकडे तारीख बदललेली असते. एवढ्या क्षुल्लक चुकीने पूर्ण एक दिवसाचा घोळ होतो.

नेमका हिशेब: रोध स्वतः बसवा

शेवटच्या आठवड्यात एसजीपी४ला सरळ पुढे पळवून तारीख काढू नका. बी-स्टार या आकड्यात हवेचा रोध असतोच, पण त्या नोंदीतल्या इतर चुकाही त्यातच जिरवलेल्या असतात. कधीकधी तो ऋणही येतो, म्हणजे हवा टप्प्याला वर ढकलते आहे असा अर्थ निघतो! कामाचा उपाय असा:

तीन दिवसांपूर्वीची टीएलई घ्या. एसजीपी४ वापरून त्या क्षणाची स्थिती आणि वेग काढा. इथे दोन खड्डे आहेत. टीएलईतले आकडे सरासरी कक्षेचे असतात. ते तसेच उचलून जीमॅटमध्ये कक्षेचे घटक म्हणून टाकले तर उंचीत काही किलोमीटरची चूक घुसते, आणि २०० किमीवर ती चूक सगळे निकाल बिघडवते. दुसरे, एसजीपी४ जी स्थिती देते ती 'टीम' या संदर्भचौकटीत असते. ती जे२०००, म्हणजे २००० सालाला बांधलेली चौकट, समजून वापरली तर गेल्या २५ वर्षांच्या अक्षचलनामुळे ०.३५ अंशाचा फरक पडतो, जमिनीवर तो ४० किमीच्या घरात जातो. चौकट बदलूनच पुढे जा.

आता जीमॅट किंवा ओरेकिट या तशाच मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे घाला: पृथ्वीचे गुरुत्व २० × २० पदांपर्यंत, सूर्य-चंद्राचे गुरुत्व, हवेसाठी 'एनआरएलएमएसआयएसई-००' मॉडेल, आणि खऱ्या नोंदलेल्या सौर-चुंबकीय आकड्यांची फाइल (सेलेसट्रॅकवर मिळते). रोधगुणांक २.२ वर स्थिर ठेवा, बदलायचे ते फक्त क्षेत्रफळ.

क्षेत्रफळाची सुरुवातीची किंमत मापांवरून काढा. लाँग मार्च ५बी चा टप्पा ३३ मीटर लांब, ५ मीटर जाड. आडवा धरला तर १६५ चौरस मीटर, तोंडाकडून २० च्या आत. आठपट फरक! विटीसारखा टोकावरून टोकावर गरगरत असेल तर सरासरी ११७, आणि कसाही वेडावाकडा लोळत असेल तर १३९ (एकूण पृष्ठफळाचा चौथा हिस्सा). १३९ आणि २१ टन धरले की वस्तुमान भागिले (रोधगुणांक × क्षेत्रफळ) सुमारे ६९ किलो प्रति चौरस मीटर येते. हा आकडा जितका लहान, तितका टप्पा लवकर उतरतो.

मग टप्पा तीन दिवस पुढे चालवा आणि ताज्या टीएलईशी मिळवा. हिशेबातला टप्पा खऱ्याच्या मागे राहिला तर क्षेत्रफळ वाढवा, पुढे गेला तर कमी करा. हवेने अडवलेला टप्पा खाली येतो आणि खालच्या कक्षेत जास्त वेगाने फिरतो, म्हणून रोध जास्त असलेली वस्तू वेळेआधी पोचते. पहिल्यांदा हे उलटे वाटते. क्षेत्रफळ चुकीच्या बाजूला बदलत बसणारे अनेक जण इथेच अडकतात. तीन-चार प्रयत्नांत क्षेत्रफळ बसते. आता ताज्या टीएलईपासून बसवलेल्या क्षेत्रफळासह ८० किमी उंचीपर्यंत पळवा. तीच धाव ०.८ पट आणि १.२ पट रोधाने पुन्हा करा. मधला निकाल हा अंदाज, बाजूचे दोन हा अवधी.

दर नव्या टीएलईसरशी हे सगळे पुन्हा करायचे. बसवलेले क्षेत्रफळ दिवसागणिक हळूहळू बदलत असेल तर ठीक. ते एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याने उडाले तर एक तर टप्प्याची गरगर बदलली आहे, किंवा सौरवादळाचा आकडा फाइलमध्ये चुकीचा आहे, किंवा टीएलईच बिघडलेली आहे. त्या दिवशी अवधी २० ऐवजी ३० टक्क्यांचा धरा. टाकीतले उरलेले इंधन गळत असेल तरी तो जोर कक्षेला हलवतो. म्हणून काम संपल्यावर टाक्या रिकाम्या आणि बॅटऱ्या निर्जीव करून ठेवण्याची पद्धत आहे. चांद्रयान-३ च्या टप्प्याचे इस्रोने तसेच केले होते.

सूर्याकडे लक्ष

वरची हवा सूर्याच्या तापावर फुगते आणि आकसते. रोज दोन आकडे पाहायचे: कॅनडात पेंटिक्टनला मोजला जाणारा १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीचा रेडिओ-प्रवाह, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या खळबळीचा 'एपी' किंवा 'केपी'. पुढच्या तीन दिवसांचा अंदाज अमेरिकेच्या नोआ संस्थेचे अवकाश-हवामान केंद्र देते. ३ फेब्रुवारी २०२२ ला सुमारे २१० किमी उंचीवर सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ चुंबकीय वादळामुळे दाट झालेल्या हवेने खाली ओढले. ते वादळ फार मोठेही नव्हते. वादळ नसतानाही हवेच्या मॉडेलची घनता १५ टक्क्यांनी इकडेतिकडे असतेच, म्हणून वरचा २० टक्क्यांचा नियम कितीही भारी संगणक आणला तरी फारसा खाली येत नाही.

लांबट कक्षेतले टप्पे

लाडबोरीचा टप्पा या जातीचा. उपग्रहाला भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सोडून तो स्वतः लांबट कक्षेत राहतो. हवा लागते ती फक्त उपभूपाशी, काही मिनिटे. अपभू घटत जाते आणि उपभू जवळपास जागच्या जागी राहते. सूर्य-चंद्राच्या ओढीने उपभू काही महिन्यांत वर-खाली होत असते, म्हणून आयुष्य महिने की वर्षे हे उड्डाणाच्या वेळेवरही ठरते. इथे वरचा पाच मिनिटांचा हिशेब वापरू नका. सॉफ्टवेअरमध्ये सूर्य-चंद्र बंद ठेवणे हीदेखील इथे घोडचूक. दिवसाच्या फेऱ्या ६.४ पेक्षा कमी असतील तर टीएलई दुसऱ्या, दूरच्या कक्षांसाठीच्या सूत्रांनी बनलेली असते. लायब्ररी ते आपोआप ओळखते, पण स्वतःचा कोड लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. अपभू हजार किमीच्या खाली आले की मग नेहमीची रीत लागू.

पीएसएलव्ही-सी३७ चा चौथा टप्पा याच्या अगदी उलट, साधा. १५ फेब्रुवारी २०१७ ला १०४ उपग्रह सोडून तो ४७०-४९४ किमीच्या जवळपास गोल कक्षेत राहिला, आणि ६ ऑक्टोबर २०२४ ला उत्तर अटलांटिकवर वातावरणात शिरला. पहिली सात वर्षे त्याच्याकडे महिन्यातून एकदा पाहिले तरी चालले असते.

शेवटचा दिवस

नोंदी आता तुटक येतात, कारण रडार थोडी आणि टप्पा घाईत. स्पेस-ट्रॅकवरचे पुनर्प्रवेशाचे संदेश दिसू लागले की त्यांचा अवधी आपल्या अवधीशेजारी मांडा. वेगवेगळ्या संस्था 'पुनर्प्रवेश' वेगवेगळ्या उंचीवर मोजतात: कुणी १२० किमी, कुणी ८०, कुणी १०. काही मिनिटांचा फरक तेवढ्यानेच पडतो. दोन अंदाजांचे अवधी एकमेकांत शिरत असतील तर भांडण नाही.

आकाश साथ देत असेल तर स्वतःचे निरीक्षणही कामी येते. २०० किमीवरचा टप्पा सूर्यास्तानंतर साधारण तासभरच उन्हात असतो, पहाटेही तेवढाच. डोक्यावरून तो सेकंदाला दोन अंशांहून वेगाने जातो. रुंद लेन्स, तिवई, दोन सेकंदांचे एक्स्पोजर आणि जीपीएसशी जुळवलेले घड्याळ घ्या. ताऱ्यांवरून त्याची जागा काढा आणि टीएलईच्या वेळेशी ताळा करा. वरच्या उदाहरणात रोधातली १० टक्के चूक एका दिवसात ५ सेकंदांचा फरक देते. टप्पा ५ सेकंद लवकर आला तर रोध १० टक्के जास्त, उरलेले आयुष्य तेवढ्याच प्रमाणात कमी. टीएलईची स्वतःची चूक एक-दोन सेकंदांची असू शकते, तेवढी सोडून द्या.

दिसले ते हेच का?

उल्का बहुधा दोन-चार सेकंदांत संपते. टप्पा अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत, जवळजवळ आडवा, अनेक तुकड्यांची रांग घेऊन जातो. जवळपास सगळे टप्पे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. ध्रुवांवरून जाणारे उत्तर-दक्षिण. पूर्वेकडून सरळ पश्चिमेकडे गेलेला गोळा रॉकेटचा असण्याची शक्यता फार कमी. ८० किमीवरचा जाळ १,००० किमीवरून क्षितिजाशी दिसू शकतो, म्हणून 'आमच्या शेतामागे पडला' ही खात्री शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा खोटी. तुकडे शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पडतात: हलके आधी, जड पुढे. चित्रफीत पाठवणाऱ्याकडून जागा, दिशा आणि सेकंदापर्यंतची वेळ मागा. दोन-तीन ठिकाणांहून हे मिळाले की मार्ग बसवता येतो आणि आपल्या शेवटच्या धावेशी पडताळता येतो.

जमिनीवर काही सापडले तर

टप्प्याच्या वस्तुमानाचा १० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत पोचतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, टायटॅनियम १,६६८ ला. म्हणून गोलाकार टाक्या आणि धाग्यांनी गुंडाळलेले दाबाचे सिलिंडर शाबूत सापडतात. हात लावू नका, पालथे करू नका, गुरे बांधू नका. काही टप्प्यांत हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइडसारखे विषारी इंधन-द्रव असतात: माशासारखा किंवा अमोनियासारखा वास, तपकिरी-पिवळसर धूर. असे काही जाणवले तर वारा जिकडून येतो त्या बाजूला निघून जा. सिलिंडरांच्या गुंडाळीचे काळे तुटके धागे कातडीत आणि फुप्फुसात जातात.

११२ ला फोन करा, तलाठी किंवा तहसीलदारांना कळवा. हलवण्याआधी सर्व बाजूंनी फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. जीपीएसची जागा, खड्ड्याची खोली, सापडल्याची वेळ, कोरलेले क्रमांक वा अक्षरे लिहून ठेवा. ओळख पटवणाऱ्यांना यातल्या कोरलेल्या अक्षरांचा सर्वांत जास्त उपयोग होतो, आणि धुऊन-पुसून चकचकीत करण्याच्या नादात नेमकी तीच जातात. तुकडा भंगारात घालू नका आणि घरी शोभेलाही ठेवू नका: १९६७ च्या अवकाश करारानुसार मालकी ज्या देशाच्या नोंदवहीत ती वस्तू आहे त्याचीच राहते. नुकसान झाले असेल तर पंचनाम्यात ते रुपयांत आणि तपशिलाने लिहून घ्या. १९७२ च्या दायित्व करारात जमिनीवरच्या नुकसानीसाठी प्रक्षेपण करणाऱ्या देशाची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण दावा सरकारमार्फतच जातो. १९७८ मध्ये कॅनडात पडलेल्या कॉसमॉस ९५४ या सोव्हिएत उपग्रहासाठी कॅनडाने असाच दावा केला, आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.